तळ्याकाठचा विसावा

बायकोला मरणाचा विसर पडावा म्हणून मी तिला एकदा हवापालटासाठी जिथे नेले, तिथे गावातली प्रत्येक तिरडी थांबत असे.

हे मी मुद्दाम केले नव्हते. मुद्दाम केले असते तर इतके नीट जमले नसते!

तीस सालानंतरची गोष्ट आहे. मी तेव्हा मुंबईत गिरगावातल्या एका शाळेत शिक्षक होतो. आमचे गाव घाटावरचे, लहानसे. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला पहिला माणूस मी. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी मला वर येण्यास हात दिला त्यांचे उपकार स्मरण्यातच माझा अर्धा दिवस जाई, आणि उरलेल्या अर्ध्यात मी नवे उपकार घेत असे. घरात ही (म्हणजे माझी पत्नी, आमच्या पिढीला बायकोचे नाव लिहिताना अजून लेखणी अडखळते), मोठी मुलगी शकू, तिच्या पाठचा दिनू, आणि पाळण्यातला धाकटा. त्या फाल्गुनात धाकटा गेला. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी पाळणा रिकामा.

दात न आलेल्या मुलाचे काही करीत नाहीत. ना दहावा, ना तेरावा. चाळीतल्या बायका येऊन बसल्या, "दुसरं होईल हो," म्हणाल्या आणि स्टोव्हला वात घालायची राहिली म्हणून उठून गेल्या. त्यानंतर ही रडली नाही. बोललीही नाही. "भात वाढू?" आणि "पाणी तापलंय," एवढी दोनच वाक्ये तिच्यापाशी उरली. दोन्ही वाक्ये उपयोगाची होती, पण संसार काही केवळ भात आणि गरम पाणी यांवर चालत नाही. (मी काही दिवस चालवून पाहिला. नाही चालत.)

आमचे डॉक्टर देवमाणूस. त्यांनी हिची नाडी पाहिली, मला बाहेर बोलावले आणि म्हणाले, "मास्तर, औषध नाही. हवापालट करा. पाणी असावं, झाडी असावी, शांतता असावी. आणि एक लक्षात ठेवा, मरणाचं नावसुद्धा यांच्या कानांवर पडता कामा नये. नाहीतर माणूस असंच आतल्या आत विझत जातं."

हे शेवटचे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोकत आलो.

हवापालट हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. आमच्या घराण्यात तो प्रकार कुणी केलेला नव्हता. वडिलांना हवा बदलावीशी वाटली तर ते ओसरीवरून अंगणात येत, आणि फारच बदलावीशी वाटली तर आईवर ओरडत. पण डॉक्टरांचा शब्द म्हणजे मला वेदवाक्य. मी दुसऱ्याच दिवशी शाळेत चौकशीला लागलो.

आमच्याकडे ड्रॉइंग शिकवायला राऊतमास्तर होते. ते चौल-नागाव भागातले, माडा-पोफळींच्या वाडीत जन्मलेले. मधल्या सुट्टीत ते आपल्या गावाचे वर्णन करीत होते, "आमची वाडी, तिच्या पुढं पाणंद, पाणंदीच्या टोकाला तळं, तळ्याकाठी विसावा..."

"विसावा?" मी उडालोच. "म्हणजे राहण्यासारखी जागा आहे?"

"दोन खोल्या आहेत, पुढं ओसरी आहे. आमच्या चुलत्यांनी बांधल्यात. का हो?"

"मला सहकुटुंब राहायला मिळेल? मे महिनाभर?"

राऊतमास्तरांच्या हातातली खडूची पेटी खाली पडली. "विसाव्यात? राहायला?"

"मुलंबाळं घेऊन. हिला शांतता हवी आहे."

"शांतता तर काय, विचारूच नका." मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मास्तर, तुम्ही धीराचे आहात. आमच्यात नसती कुणाची छाती झाली. शिक्षण शिक्षण म्हणतात ते हेच!"

धाकट्याच्या दुःखातून मी सावरलो, याचे ते कौतुक करीत आहेत असे मला वाटले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी त्यांचेही उपकार मानले.

मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरलो आणि बैलगाडी केली. गाडीवान मोठा बोलका होता. त्याने दिनूला बैलांची नावे सांगितली, शकूला करवंदे दिली. मग त्याने विचारले, "उतारा कुठं?"

"तळ्याकाठच्या विसाव्यात."

बैल थांबले की गाडीवानाने थांबवले, कोण जाणे. "समदी?"

"हो, सगळी."

तो गाडीवरच मागे वळला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "कोन गेला?"

"अजून कुणी नाही गेलं. आम्हीच पहिले," मी उत्साहाने सांगितले. "आम्हाला मानवलं तर मागून माझा भाऊही जाईल म्हणतोय, बायकापोरांसकट."

गाडीवानाने तोंडावर उपरणे धरले. विसावा येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. आम्हाला उतरवून त्याने बैलांवर असा चाबूक ओढला, की आमची एक वळकटी गाडीतच राहून नागावपर्यंत गेली.

जागा मात्र चित्रासारखी होती. समोर तळे, अर्ध्या पाण्यावर कमळांची पाने. काठाला केवड्याचे बन. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांशी मोठा उंबर, उंबरावर कावळे. आणि ओसरीसमोर, सावलीत, माणूसभर लांबीचा एक गुळगुळीत चौथरा. "काय सोय केली आहे पाहा!" मी हिला म्हणालो. "संध्याकाळी हवा खायला बसता यावं म्हणून बांधला असेल." हिने चौथऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "पाणी तापवते."

त्या चौथऱ्यावर आमचा संसार थाटला. शकूने त्यावर भातुकली मांडली. दिनूने त्यावरून उड्या मारल्या. मी त्यावर बसून चहा घेतला, वर्तमानपत्र वाचले, आणि दमल्यामुळे तिसऱ्या प्रहरी आडवा झालो. माशा फार होत्या, म्हणून पांढरे उपरणे डोक्यापासून पायांपर्यंत ओढून घेतले. जरा डोळा लागतो तोच पाणंदीतून डोईवर मासळीची टोपली घेऊन एक कोळीण आली. माझ्यापाशी आल्यावर तिची चाल मंदावली. तिने टोपली उतरवून हात जोडले आणि कळवळून म्हणाली, "कुनाचा गो हा? सोडून कुठं गेली मानसं?"

"इथंच आहेत," मी उपरण्याच्या आतून म्हणालो.

तिची किंकाळी रेवदंड्याच्या किल्ल्यावर ऐकू गेली असेल. टोपली तिथेच टाकून ती पळाली. बोंबील उंबरावरच्या कावळ्यांनी वाटून घेतले. त्या कावळ्यांची आणि माझ्या मुलांची मैत्री झाली ती त्या दिवसापासून.

एवढे होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एखाद्या गावची माणसे भित्री असतात, असे मी मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथऱ्यावर चहा घेत बसलो असताना पाणंदीतून माणसांचा घोळका येताना दिसला. पुढे एक जण मडके धरून चालला होता. मागे चौघांच्या खांद्यांवर काही लांबट ओझे होते. ऊन डोळ्यांवर होते, मला नीट दिसेना. घोळका माझ्यापाशी येऊन थांबला. पुढचा माणूस अदबीने म्हणाला, "मास्तर, वाईच उठताव काय? आमाला ठेवायचा हाय."

"ठेवा ना, ठेवा! भरपूर जागा आहे," असे म्हणून मी थोडा सरकलो.

मग मला ओझे दिसले.

चहाची कपबशी हातातून सुटली ती चौथऱ्यावरच फुटली. विसावा! तिरडी मसणात नेताना वाटेत जिथे टेकवतात, खांदेकरी बदलतात, त्या जागेला विसावा म्हणतात. आमच्या घाटावरही म्हणतात. माझ्या स्वतःच्या आजोबांना मी विसाव्यापर्यंत पोहोचवले होते. पण तो शब्द वेगळा आणि हा वेगळा, असे माझ्या बी. ए. डोक्याने परस्पर ठरवून टाकले होते. मराठी हा माझा विषय होता. मी तो इतरांना शिकवीत होतो!

दोन खोल्या होत्या त्या पावसापाण्यात खांदेकऱ्यांना आडोसा म्हणून. आणि पायऱ्यांवर गावाचे दहावे होत.

माझ्या मनात एकच विचार आला, हिला कळता कामा नये! मी घरात धावलो, खिडकी लावून घेतली. "उन्हाची तिरीप येते," मी म्हणालो. "मुलांनो, कविता म्हणा! मोठ्यानं!" मुलांनी गोंधळून बे एके बे सुरू केले.

ही खिडकीपाशी आली. "बाहेर काय आहे?" (हे तिसरे वाक्य! पण आनंद मानायला वेळ कुठे होता?)

"पालखी आहे. ग्रामदेवतेची."

इतक्यात बाहेरून एका बाईचा हंबरडा आला, "मला टाकून कुठं चाललाव होऽऽ!"

ही म्हणाली, "देवाला असं म्हणतात?"

"कोकणात भक्ती फार उत्कट असते," मी म्हणालो.

हिने खिडकी उघडली. समोर चौथऱ्यावर माझ्या फुटक्या बशीशेजारी तात्या होते. पाणंदीतल्या मोठ्या वाडीचे मालक, रात्री झोपेत गेलेले. त्यांची म्हातारी बायको, जिला सगळे काकी म्हणत, ती तिरडीच्या काठाला धरून बसली होती. बायका तिला मागे ओढत होत्या. लोकांनी तिरडी उचलली, मडकेवाला पुढे झाला, आणि सगळे तळ्याच्या वळणाआड गेले. ही खिडकीचा गज धरून पाहत राहिली.

"उद्या सकाळीच निघू," मी म्हणालो.

"पोरं रमलीत," ही म्हणाली. "राहू या."

डॉक्टरांनी सांगितलेले विझणे ते हेच, असे मला वाटू लागले. त्यानंतर ही रोज खिडकीशी बसे. आठवड्यात आणखी एक तिरडी आली, तीही तिने पाहिली. मी तिचे लक्ष वेधण्यासाठी कमळे तोडायला पाण्यात उतरलो आणि गाळात रुतलो; मला राऊतांच्या वाडीतल्या माणसांनी दोरखंडाने ओढून काढले. हिने फक्त "पाणी तापलंय," म्हटले. एकच चांगली गोष्ट होती. ही स्वयंपाकाला मनापासून बसू लागली होती. रोज सकाळी तांदळाचे घावणे करी, मुले ते ओसरीवर खात आणि खाल्ले त्याच्या दुप्पट कावळ्यांना घालीत. कावळे ओसरीवर येऊन बसू लागले. शकूने त्यांची नावेही ठेवली. त्यांतल्या एकाचे नाव तिने माझ्या हेडमास्तरांवरून ठेवले होते. साम्य होते.

मग तात्यांचा दहावा आला.

सकाळी पायऱ्यांवर मंडळी जमली. काकी, थोरला मुलगा नाना, धाकटा हरी, सुना, भावकी. भटजींनी विधी केले, पिंड ठेवला, सगळे मागे सरले आणि उंबराकडे पाहू लागले. उंबरावर कावळे ओळीने बसले होते. चांगले गुबगुबीत. एकही हलेना.

"येईल, येईल," भटजी म्हणाले.

कुणी येईना. काकीने पदर तोंडाशी नेला. भावकीतला एक जण नानाला म्हणाला, "काय मनात राहिला आसंल तात्याच्या, तर बोल रं."

नाना पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "तात्या, आयेला दुखवायचो नाय. सांबाळून ऱ्हाईन."

कावळे ढिम्म.

"म्हैस इकनार नाय!"

एका कावळ्याने चोच पंखात खुपसली.

हरी म्हणाला, "तात्या, मी ताडी सोडली!"

"कवापासून?" नानाने विचारले.

"आत्तापासून."

"म्हनून तं येत नाय त्यो! तात्याला ठाव हाय तू कसा हायेस त्यो!"

"आनि तू? वाडीतला माजा वाटा दाबून बसलास, त्यो न्हाय ठाव काय तात्याला?"

"गप ऱ्हावा रं!" काकी ओरडली. "बाप उपाशी बसलाय थितं!"

ऊन चढू लागले. नानाने अखेर दात आवळून कबूल केले, की वाडीचा अर्धा वाटा हरीला देईन. भावकीत कुजबूज झाली. कावळ्यांना मात्र वाटणीत काहीही गोडी नव्हती. भटजींना चौलला दुसरा दहावा होता, ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या का? शास्त्राला चालतो."

"मला नाय चालत," काकी म्हणाली. "खऱ्या कावल्यानंच शिवला पायजे. माजा मानूस उपाशी धाडू काय?" आणि ती पायरीवर मटकन बसली.

ओसरीवर शकूने माझा सदरा ओढला. "बाबा, ते नाही यायचे."

"का गं?"

"त्यांची जेवणं झालीत. आज आईनं गुळाचे घावणे केले होते ना? हेडमास्तरांनी तर चार खाल्ले."

सांगावे, तर गावकऱ्यांनी मला पिंडाशेजारीच ठेवला असता. न सांगावे, तर ती म्हातारी! आणि खिडकीत ही. तिचा चेहरा काकीसारखाच पांढरा पडला होता. हिच्या डोळ्यांदेखत त्या म्हातारीचा माणूस उपाशी गेला असता, तर डॉक्टरांपुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

तालुक्याच्या शाळेत असताना संमेलनाच्या नाटकात मी पडद्यामागून पक्ष्यांचे आवाज काढले होते. माझ्या शिक्षकांनी तेव्हा पाठ थोपटली होती. (शिक्षणाचा कधी, कुठे उपयोग होईल सांगता येत नाही, असेही ते म्हणाले होते.) मी घराच्या मागच्या दाराने निघालो, केवड्याच्या बनात शिरलो, अंगभर काटे टोचून घेत पायऱ्यांच्या जवळ आलो आणि तोंडाशी हात धरून ओरडलो, "काव! काव!"

पलीकडे कुणीतरी लगबगीने उठले. मग काकी म्हणाली, "आलं! बनात आलं!"

"ह्यो तात्यांचाच आवाज," भावकीतला एक जण म्हणाला. (तात्यांना मी जिवंतपणी ऐकलेले नाही. पण मला जरा लागलेच.)

"तात्या," नाना घाईने म्हणाला, "वाटा पावच दिला तं चालंल काय?"

मी गप्प बसलो. मला कुणाच्या वाटणीत पडायचे नव्हते.

"नाय चालत म्हनतंय!" हरी ओरडला. "अर्धाच!"

मी पुन्हा ओरडलो. त्या ओरडण्याने पिंडाचे काही झाले नाही. पण कावळ्यांच्या भाषेत मी काय बोलून गेलो देव जाणे. बहुधा फार घाण शिवी असावी! सबंध उंबर एकदम उठला. काळेभोर ते सगळे केवड्याच्या बनावर आले आणि माझ्यावर तुटून पडले. पहिल्याने माझी टोपी नेली. दुसऱ्याने शेंडी धरली. हेडमास्तरांनी कानावर चोच मारली, अगदी त्यांच्या नेहमीच्या जागी.

"आई गं!" मी किंचाळलो.

"ऐकलाव?" काकी हुंदका देऊन म्हणाली. "आयेला बघा म्हनतंय!"

"आई गं! मेलो!"

"ता तर आमाला म्हाईत हाय, तात्या," नाना कळवळून म्हणाला, "पुढचा सांगा!"

पुढचे सांगायला मी बनात राहिलोच नाही. डोके धरून पळताना पाय घसरला आणि पायऱ्यांच्या बाजूने, सगळ्या भावकीच्या समोर, मी तळ्यात कोसळलो. वर आलो तेव्हा डोक्यावर कमळाचे पान होते.

मी पाण्यातून नमस्कार केला.

तेव्हा ही घरातून बाहेर आली. सावकाश पायऱ्या उतरली, माझ्याकडे न पाहता काकीपाशी गेली आणि तिच्याशेजारी बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा धड बोलली. "काकी, तात्यांचं काही राहिलेलं नाही हो. माझ्या पोरांनी कावळ्यांना सकाळी घावणे चारले. त्यांची पोटं भरलीत. तेवढंच झालंय."

"म्हंजे?" नाना ताडकन उठला. "मी वाटा दिला त्यो घावन्यांपायी?"

"बस खाली," काकी म्हणाली. "तात्यासमोर बोललास. आता फिरायचा नाय." मग ती हिच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतरांना जे चाळीत दोन महिने दिसले नव्हते, ते तिला तिथल्या तिथे दिसले असावे. "तुजा कोन गेला गो, बाय?"

हिने खाली पाहिले. "लहान होता. दात नव्हते आले."

"त्याचा ठेवलाव काय काय?"

"त्यांचं ठेवत नाहीत."

"दात नसलं तरी भूक आसतेच गो," काकी म्हणाली, आणि ओसरीकडे वळून शकूला हाक मारली, "पोरी, घरातून वाईच दूधभात आन. मऊ कालवून आन."

भटजी म्हणाले, "काकी, असं शास्त्रात नाही."

"शास्त्राला पोर झालं हुतं काय कदी?" काकी म्हणाली.

शकूने दूधभात आणला. काकीने द्रोण घेतला, हिच्याकडून त्यात दूधभात भरून घेतला, आणि तात्यांच्या पिंडापासून थोडा बाजूला, सावलीला ठेवायला लावला. मी छातीभर पाण्यात उभा होतो. माझ्यामागे लागलेले कावळे काठावरच होते. त्यांतून एक उड्या मारीत पुढे आला. पिलूच होते, ओरडायला चोच उघडली की आतून लालभडक दिसे. त्याने द्रोणाभोवती एक फेरी घातली, मान वाकडी करून हिच्याकडे पाहिले आणि घास घेतला.

ही रडली. फाल्गुनातले, चैत्रातले, सगळे. काकीने तिला मांडीशी घेतले, आणि दोघी मिळून रडल्या. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो.

"शिवला!" भटजी अचानक ओरडले. पाहतो तर तात्यांचा पिंडही एका बाजूने मोडला होता. मोठ्या कावळ्याने मोडला, असे भटजींनी जानव्याला हात लावून सांगितले. (त्यांच्या पायाच्या अंगठ्याला भात लागलेला मी पाण्यातून पाहिला. पण उपकारांचा विसर पडणारा माणूस मी नव्हे!) काकीने हात जोडले. नाना वाटा देऊन बसला. हरीने ताडी सोडली ती, असे राऊतमास्तर पुढे सांगत, भाद्रपदापर्यंत.

मग हिने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. शेंडी उभी, कान रक्ताळलेला, डोक्यावर कमळाचे पान. तिच्या ओठांची कड हलली. तिने पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. दहाव्याच्या पायऱ्यांवर, भटजींच्या समोर, माझी बायको खो खो हसू लागली. रडता रडताच हसत होती. काकीही हसली. शेवटी नानासुद्धा.

मुंबईला आल्यावर डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "पाहिलंत, मास्तर? मरणाचं नाव कानांवर पडू दिलं नाही, त्याचा हा गुण!" मी त्यांचे आभार मानले.

पाळण्याची जागा आमच्या घरात पुढेही रिकामीच राहिली. दर फाल्गुनात ही एका द्रोणात मऊ दूधभात गच्चीवर ठेवते आणि मी त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

आता माझेही वय झाले. परवा दुपारी सहज मनात आले ते मी बोललो, "माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही, तर तुमची फार पंचाईत व्हायची."

ही तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ती काळजी तुम्ही नका करू," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कावळे यायचे ते जातभाई म्हणून. पिंड ठेवायच्या आधीच खांदा द्यायला येतील."